आप्पा नाबाद आणि माझं ग्राफिक कार्ड

२४ सप्टेंबर २०१७, रविवार
गोटूचा इंदूरहून फोन. दिवाळीला येतोय. ठेवता ठेवता विचारतो, दादा, तो डब्बा अजून चालू आहे ना? डब्बा! गेमिंग कॉम्प्युटर आहे तो. घेतला तेव्हा अख्ख्या राजपुऱ्यात दुसरा नव्हता, लोक चपला काढून बघायला यायचे. साहेबांना नव्या लॅपटॉपचा माज चढलाय. लहान भाऊ म्हणून ऐकून घेतलं. (फोन आपटला. पण आधी ऐकून घेतलं.)
ठराव: डब्ब्यात ग्राफिक कार्ड टाकणार. नवीन क्रिकेट गेम आणणार. गोटूला धूळ चारणार. कार्ड स्वतः बसवणार. नववीला विज्ञान शिकवतो मी, चार स्क्रू पिळता येतात.

२७ सप्टेंबर, बुधवार
बुधवारा बाजारातल्या सुकलालच्या दुकानातून कार्ड आणलं. त्याने आधी सगळ्यात स्वस्त दाखवलं. माझ्या कपाळावर लिहिलंय का स्वस्त? झापला. मग तेच घेतलं, कारण नीट बघता तेच उत्तम होतं. तो जीएसटीच्या नावाने रडत होता. देशभर एक टॅक्स झाला म्हणे, आणि गिऱ्हाईक एक येईना. मी काय करू?
घरी बायकोचं सुरू. रजनी म्हणते, जुनी गेम चांगली चालते की हो. चालते! माणसांची तोंडं उकडलेल्या बटाट्यासारखी दिसतात त्यात. आमची टीम आहे, राजपुरा इलेव्हन, मी आणि गोटू दर दिवाळीला खेळवतो. ओपनर आप्पा, आमचे वडील. आप्पा होते तेव्हा मागे खुर्ची टाकून बसायचे आणि स्क्रीनवर आपलं नाव आउट झालं की अंपायरला शिव्या घालायचे. आप्पांना जाऊन तीन वर्षं झाली. बॅटिंग चालू आहे. गेल्या दिवाळीला १४३ नाबाद, मॅच अर्धी सेव्ह करून ठेवली आहे.
असो. बटाटे ते बटाटेच.

२९ सप्टेंबर, खंडेनवमी
यंत्रांची पूजा. शेजारच्या लोटूने पॉवरलूम बंद ठेवून झेंडूच्या माळा घातल्या. खटखट नाही, कान दुखायला लागले.
कार्ड पाटावर मांडलं. रजनी म्हणाली, अहो, खोक्याला लावा ना हळदकुंकू. खोक्याला! लोटूने लूमची पूजा केली का लूम आलेल्या गोणपाटाची? कार्डाच्या कडेला सोनेरी दातांची पट्टी असते, करंट तिथून आत जातो, म्हणजे यंत्राचा जीव तिथे. कुंकू ओलं केलं, एकेका दाताला टिकली लावली. दोन्ही बाजूंनी. वर अक्षता. काय देखणं दिसत होतं! आज यंत्राला हात लावत नाहीत. उद्या मुहूर्तावर बसवणार.

३० सप्टेंबर, दसरा
एका झटक्यात बसवलं. कॅबिनेटच्या पत्र्याने बोट कापलं. शुभच असतं.
चालू केलं. चित्र आलं. मग आडव्या रेषा. मग काळं. परत केलं, परत काळं. लाइटवाल्यांची हरामखोरी, दुसरं काय? सगळ्या गावाचे लूम बंद आणि यांच्याकडे मला द्यायला व्होल्टेज नाही! सोनं द्यायला लोक आले, दार उघडलं नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार
लोटूचा स्टॅबिलायझर आणून लावला. काळं. परत देताना त्याला म्हणालो, तुझ्या लूमसारखाच भंगार आहे. आता बोलत नाही. नको बोलू.
संध्याकाळी सुकलालच्या काउंटरवर कार्ड आपटलं. त्याने कार्डाच्या दातांवरून बोट फिरवलं, बोट लाल झालं. म्हणे, मास्टरसाब, पूजा किया हुआ माल वापस नहीं होता. वर म्हणे, घर जाके पहले इसको पोंछो. कुंकू पुसायला सांगतो! भर सणासुदीत! रजनीला कळलं तर दुकान पेटवेल. त्याची पायरी परत चढणार नाही.
रजनीला सांगितलं. ती म्हणाली, मग पुसा ना. या घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

८ ऑक्टोबर, रविवार
शास्त्रीय पद्धतीने विचार केला. दोष विंडोजचा. फॉरमॅट मारायचं.
रजनी म्हणाली, आत काही ठेवणीतलं असेल, आधी बघून घ्या. मी ओरडलो, काय असणार, तुझे दागिने? मशीनही तिच्याच वळणावर गेलेलं. सगळं पुसलं जाईल, नक्की का? दाबलं यस. फार मोकळं वाटलं. नव्यासारखं स्वच्छ मशीन. कार्ड लावलं.
रेषा. काळं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
नववीला सुवाहक-दुर्वाहक शिकवले. धातूवर राप बसला की करंट कसा अडतो, हे इतकं समजावून सांगितलं की वर्ग चिडीचूप. आपण शिकवतो बाकी छान. घरी आलो, काळं.
गोटूचा फोन. भडकलो. म्हणालो, यायचं तर ये, नाहीतर नको येऊ, माझं काही अडलं नाही. त्याने विचारलं, दादा, झालं काय? काही नाही, मशीन एकदम टकाटक आहे.

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
गोटू आला. कार्ड काढलं, उजेडात धरलं. हसला नाही, तेच जास्त लागलं. वहिनी, खोडरबर आहे का? घासलं. लाल चुरा पडला. मशीनच्या खाचेतून एक अक्षत निघाली. परत बसवलं, आणि चित्र लख्ख! नव्या गेमचं गवत असं हिरवं की गाय सोडावी.
म्हणालो, बस, दाखवतो तुला. तर म्हणे, नवी नको दादा, जुनी लाव. बॅगेतून आमचा जुना जॉयस्टिक काढला, इंदूरला दुरुस्त करून आणलेला. म्हणाला, माझ्या लॅपटॉपवर ती गेम उघडतच नाही, म्हणून तर विचारलं होतं, डब्बा चालू आहे ना. आप्पा १४३ वर आहेत, या दिवाळीला दोनशे करून टाकू.
मी लाइटवाल्यांना शिव्या दिल्या. सुकलालला दिल्या. विंडोजच्या सात पिढ्या काढल्या. गोटूने हळूच विचारलं, सगळं पुसलं का दादा?
हो म्हणालो. तो उठून गच्चीवर गेला. रजनीने ताट वाढलं होतं. मला भूक नव्हती.

२० ऑक्टोबर, पाडवा
नव्या गेममध्ये नवी टीम केली. राजपुरा इलेव्हन. ओपनर आप्पा. यात तोंड निवडता येतं. गोटूने बराच वेळ शोधून आप्पांसारखी मिशी लावली. खरंच तसेच दिसत होते.
पहिल्याच बॉलला एलबीडब्ल्यू. शून्य.
आम्ही दोघांनी एकदम मागे वळून बघितलं. मग अंपायरला शिव्या मीच घातल्या. घसा बसेपर्यंत घातल्या.
बॉल सरळ स्टंपात होता.