पुढच्या शॉकअपचं तेल

रुबाया
१९ ऑगस्ट, शुक्रवार

प्रिय ब्यामुकामा दादा,

नमस्कार. आईचा खोकला कमी आहे. घेवडा वाळवून पोत्यांत भरला. यंदा धूळ फार आहे, अंगणात झाडू मारला तरी तासाभरात पुन्हा तीच. कंपालात कसं आहे? तुझ्या दुकानाचं दार बसवून झालं असेल.

मी पत्र का लिहितोय असं तुला वाटेल. फोनवर तू बोलतोस आणि मी हो हो म्हणतो. फोन ठेवल्यावर कळतं की मला जे सांगायचं होतं ते राहिलंच. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, म्हणजे मधे बोलायला तुला जागा नाही. रागावू नको.

तू नेहमी आधी गाडीचं विचारतोस, म्हणून आधी गाडीचं. पाद्रींकडून घेतलेली आपली जुनी मोटारसायकल चालू आहे, पण तिच्या पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळायला लागलं होतं. सुरुवातीला नळीवर नुसती ओल दिसायची, तिच्यावर धूळ चिकटायची. मी फडक्याने पुसून टाकायचो. मग डाव्या बाजूचं तेल ओघळून ब्रेकच्या चकतीवर उतरलं आणि उतारावर ब्रेक लागेना. प्रत्येक खड्ड्यात पुढून ढब्‌ असा आवाज.

काबालेत दोन मेकॅनिकना दाखवली. एक म्हणाला, पूर्ण शॉकअपच बदल, जुन्या गाडीला दुसरा इलाज नाही. दुसरा म्हणाला, काही नको, जाडं तेल ओत, बंद होईल. माझं डोकं चालेना. एवढं खर्चाचं काम तुला न विचारता कसं करायचं, आणि विचारलं तर तू म्हणशील, असं काय ओझं वाहिलंस की एकदम दोन्ही बाजू गळाल्या?

आणि ओझं वाहिलं मी, दादा, गळत्या गाडीवरच. एक पत्र्याची पेटी, एक गादी आणि वहिनी.

वहिनीला मी मुकोला तिच्या माहेरी सोडून आलो. लिहिलं एकदाचं.

झालं असं की वरच्या गावचा तो बटाट्याचा व्यापारी खालच्या वावरात खुंट्या ठोकायला आला. वहिनी तिथे बटाटे काढत होती. तो म्हणाला, "नवऱ्याने विकलंय हे, तुम्हांला ठाऊक नाही?" तिने कुदळ बांधावर ठेवली आणि घरी आली. आरडाओरडा केला नाही. आईला म्हणाली, "मी जरा बाबांकडे जाऊन येते." आईने विचारलं, "पेटी कशाला मग?" त्यावर ती माझ्याकडे वळली. मला म्हणाली, "भावोजी, सोडता का?" मला वाटलं, नाही म्हणावं. वाटलं, आधी तुला फोन करावा. आणि मी पेटी बांधायला दोरी शोधू लागलो. असं का केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

काबाले सोडून चढ लागला तेव्हा तिने मागून विचारलं, "तुम्हांला माहीत होतं?"

मी म्हणालो, "वहिनी, पुढून आवाज येतोय, ऐकलात का?"

ती म्हणाली, "ऐकला." मग मुकोपर्यंत पेटीची दोरी धरून बसली.

तिच्या घरी पोचलो तेव्हा नळ्या तेलाने निथळत होत्या. तिचे वडील, बितारिहोबाबा, अंगणात आले. लेकीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि सरळ गाडीपुढे उकिडवे बसले. "सील गेल्यात," म्हणाले, म्हणजे नळीतलं तेल अडवणाऱ्या रबरी कड्या. "आज जायचं नाही. राहा इथे." पूर्वी त्यांनी मिशनच्या गाड्या दुरुस्त केल्या आहेत, पण ते फार जुनं, आणि डोळ्यांना आता जवळचं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी दगडांच्या चवडीवर उभी केली, पुढचं चाक काढलं. शेजारपाजारचे येऊन बसले. दादा, सगळे फक्त सीलबद्दल बोलत होते. लेक पेटी घेऊन का आली हे कोणी विचारेना. तुझ्या सासूबाई ज्वारीच्या बुशेराचे पेले देताना म्हणाल्या, "गळती किती दिवसांची?" त्या गाडीबद्दल बोलत होत्या की कशाबद्दल, मला समजलं नाही. मी म्हणालो, "नक्की सांगता येत नाही."

उजव्या बाजूचं काम सोपं निघालं. बाबांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापली, धुळीचं रबर वर सरकवलं आणि पट्टी सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवली. काळा चिखल बाहेर आला. पुसून दाबून पाहिलं, गळती बंद. सील चांगली होती, कचराच अडकला होता. डावी मात्र फाटली होती. खालचा बोल्ट सोडला, लॉक काढलं आणि नळी जोरजोरात हिसकली तेव्हा ती बाहेर आली. आपल्या गाडीच्या नावाची सील बाजारात नाही. पण जुन्या सीलवर मापाचे आकडे कोरलेले असतात, आणि भाड्याने माणसं नेणाऱ्या साध्या बोडाच्या गाडीला तेच माप लागतं. चिल्लर खर्चात मिळाली. नळीवर गंजाचे बारीक खड्डे होते, तिथे वहिनीने पेटीतून नेलपॉलिश काढून दिलं. खड्डे भरले, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासले.

मग आम्ही सील उलटी बसवली. तेल भरलं, गाडी दाबली, आणि बाबांच्या सदऱ्यावर कारंजं उडालं. ते म्हणाले, "पोरा, तू उलटी दिलीस." मी म्हणालो, "बाबा, तुम्ही उलटी घेतलीत." वहिनी दारात उभी होती. ती हसली. मग हसताहसताच रडायला लागली आणि आत गेली.

नशिबाने सील फाटली नव्हती. सुलट करून पाण्याच्या पाइपच्या तुकड्याने ती हळूहळू ठोकत असताना बाबांनी मान वर न करता विचारलं, "वावर विकलं हे खरं?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

तूच मला सांगितलं होतंस, दादा, की दुकान उभं राहीपर्यंत घरात बोलू नको. मला वाटलं होतं, तू तिला स्वतः सांगशील. का मला तसं वाटून घ्यायचं होतं? मी म्हणालो, "हो बाबा."

त्यांनी पाइप खाली ठेवला. हात पुसले. पुन्हा उचलला. "धर सरळ," एवढंच म्हणाले.

आतून वहिनीने ऐकलं असणार. निघताना ती म्हणाली, "गुरुवारी गावच्या चेअरमनपुढे वावराच्या निवाड्याला बसायचंय. मी न्यायला बोलावलं तर याल?"

काल गुरुवार होता. मी गेलो, तिला आणलं. ब्रेक नीट लागला. चेअरमनच्या अंगणात व्यापारी होता, आई होती, अर्धं गाव होतं. व्यापारी म्हणाला की बायकोची संमती आहे असं तू त्याला सांगितलंस. चेअरमननी मला विचारलं, "तू घरातला. तिला विचारलं होतं का?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही. तिला कोणीच विचारलं नव्हतं. मलाही गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी राहिलो."

व्यवहार थांबवलाय. व्यापाऱ्याने खुंट्या उपटून नेल्या. बाकीचं तू आल्यावर ठरेल असं चेअरमन म्हणाले.

परतताना वहिनी वावरापाशी उतरली. अर्धवट राहिलेली ओळ तिने काढून पुरी केली, मी पोती धरली. मी विचारलं, "वहिनी, घरी येता?" ती म्हणाली, "वावर माझं आहे हे मला कळतं. घराचं अजून कळत नाही." मग तिला मुकोला सोडलं. बाबा म्हणतात, तू स्वतः गेलास तर ते दार उघडतील. ती उघडू देईल का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

रात्री आईने मला आधी वाढलं, आणि माझ्याशी बोलली नाही. याचा अर्थ काय लावायचा? मी तुझ्याविरुद्ध उभा राहिलो का? मला तसं वाटत नाही, आणि वाटतंही. लहानपणापासून तू सांगशील ते मी करत आलो, म्हणून पहिल्यांदा न केलेली गोष्ट चूक की बरोबर हे विचारायलाही मला तुझ्याशिवाय कोणी नाही.

ये, दादा. फोन करू नको, ये. तू म्हणशील तेव्हा बस स्टँडवर गाडी घेऊन येईन. तिथून घरी यायचं की मुकोला जायचं, ते मात्र तू सांगायचं.

तुझा धाकटा भाऊ,
आणि अजून तरी वहिनीचा दीर,
तुमविने