गुत्त्याच्या गल्लीला वळसा

५ फेब्रु., मोताळा
मोताळ्याच्या पिणाऱ्यांनो, आणि सोडू पाहूनही न सुटणाऱ्यांनो! आपलं गाऱ्हाणं एकच आहे. नागपूरचं सरकार दर साली गुत्त्याचा लिलाव करतं. ज्याची बोली मोठी, त्याला दुकान. पण जो म्हणतो मला सोडायची आहे, त्याला बसायला या मुलखात हातभर जागा नाही!
वाक्य टाळ्यांचं आहे. पण सभेत म्हणता येत नाही, कारण पिणाऱ्यांत मी आहे. स्वराज्यावर बोललो, वाचनालयांवर, शेतकी सुधारणेवर. यावर एक अक्षर नाही.
इंदू पोरीला घेऊन जानेफळास, माहेरी. जाताना म्हणाली, "आखाजीले न्यायले या. शुद्धीत असान तर उंबऱ्याच्या आत. नाई तं बाहेरूनच परत." अक्षय्य तृतीयेला अजून अवकाश आहे.

७ फेब्रु.
दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बाटली दिली. हुंगली तर अर्कच! दारू सोडायला दारू. वाद घातला. हसले नुसते.
मग देवळात. बुवांनी बेलभंडार उचलायला लावला. शपथ दिवेलागणीपर्यंत टिकली.

९ फेब्रु.
दाढी करताना नारायण न्हावी म्हणाला, "रहीमभाई पिंजाऱ्याच्या अंगणात बसतात ना, दारू सोडलेले लोक. बाजाराच्या दिशी. पण मास्तर, तुमाले घेतीन का नाई, सांगता येत नाई."
"का?"
"तिथं भाषण चालत नाई."
वस्तरा गळ्यावर होता, म्हणून गप्प बसलो.

१२ फेब्रु., बाजार
गेलो. रीत अशी: बाजार उठायला लागला की जमायचं आणि गुत्त्याला कुलूप लागेपर्यंत हलायचं नाही. पुढ्यात जुन्या गाद्यांचा कापूस, हातानं गाठी सोडवत बसायचं. पाळी आली की एवढंच सांगायचं: प्यायलो, किंवा नाही प्यायलो. जाता-येता गुत्त्याची गल्ली टाळून बकऱ्यांच्या बाजाराकडून वळसा. आणि जो आला नाही, त्याला आणायचं काम शेवटच्या बैठकीत ज्याचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागत होता, त्याचं.
माझ्या गुडघ्याला सखाराम. थोडी शेती आहे. दिवाळीपासून थेंब नाही, कोरडा.
माझी पाळी. "बंधूंनो—"
रहीमभाई: "मास्तर, लेक्चर बाजारात. पेली का नाई पेली?"
"प्यायलो."
"हां. कापूस घ्या."
अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं वाचन केलं, आणि माझा निकाल एका शब्दात? सखाराम कानाशी लागला, "राग येऊन राह्यला ना? मी तं पह्यल्या दिशी रहीमभाईची उशी फाडली व्हती."

१९ फेब्रु., बाजार
हा आठवडा कोरडा गेला. झोप नाही, पण गेला. सांगितलं: नाही प्यायलो. सगळ्यांनी मान हलवली. नुसती मान!
राहवलं नाही. उभा राहिलो आणि बोललो. बऱ्याच दिवसांत असं बोललो नव्हतो. आपण वळसा का घालायचा? चोर आपण की गुत्तेदार? चला, गुत्त्यापुढे बसू, आत जाणाऱ्याचे पाय धरू!
सगळ्यांआधी रहीमभाईच उठले. "चलो मियां, आज गल्लीतूनच!"
अंगावर कापसाचे तंतू तसेच. घोषणा देत गेलो, दारात बसलो. गुत्तेदार हसत उभा, "या या, आपलीच मानसं." वारा आमच्याकडे होता. मोहाच्या दारूचा तो वास. मी वाचलो तो तोंडात घोषणा होती म्हणून. सखाराम घोषणा देत नव्हता. तो केव्हा उठला, मी पाहिलंच नाही. मी गर्दीकडे बघत होतो.
मग आतून त्याचं हसणं ऐकू आलं.

२० फेब्रु.
रहीमभाईंकडे गेलो. म्हटलं, चूक माझी.
"तुमची एकल्याची काऊन? बोंबलत पुढं मीच व्हतो." कमान कापसावर चालवत राहिले. मग, "पण गुडघा तुमचा लागत व्हता, मास्तर."
दिवाळीपासून सखाराम मळ्यातल्या खोपीत राहत होता. आता घरी परतलाय. घर गुत्त्याच्या मागे, वाट गल्लीतूनच. दुसरी नाही.

२२ फेब्रु.
गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. वास आला. परत फिरलो.
वाटेत सखारामची बायको, डोक्यावर घागर. "मास्तर, तुमच्या बोलण्यानं मोठमोठे लोक हालतात म्हनतात. माह्या घरातला एक मानूस हालवून दाखवा."
हजार जणांनी टोमणे मारले तरी मला उत्तर सुचतं. आज वाट सोडून बाजूला झालो.

२६ फेब्रु., बाजार
दुपार. अजून गेलो नाही. सकाळपासून वाक्यं जुळवतोय आणि खोडतोय. "हे वीरा, ऊठ" — खोडलं. वीर कसला! मीच त्याला तिथं नेऊन बसवला.
गल्लीत शिरलो तर बाहेर येईन याची खात्री नाही. तेव्हा तोंडाशीच उभं राहायचं आणि हाक मारायची. आवाज पोचेल, आवाजाची काळजी कधीच नव्हती. पण भर बाजारात दारूचं नाव काढलं तर त्याची शोभा होईल. म्हणून कामाचं बोलावणं करावं तसं.
आला नाही तर? मी गल्लीच्या कडेला उभा, बाजार उठतोय, गुत्ता उघडा... पुढचं सुचत नाही.
आज बैठकीत मलाही सांगायचंय, नाही प्यायलो. ते संध्याकाळपर्यंत खरं राहायला हवं.
ऊन कललं. निघतो. एवढंच म्हणायचं, जास्त एक शब्द नाही:
सखाराम भौ, रहीमभाईकडं कापूस पडून हाय. वहाना घाल अन् गल्लीच्या तोंडापावतर ये. मी इथंच उभा हाओ.