देव्हाऱ्यातल्या दोन पदकांची व्यवस्था

॥ श्री ॥

सन १९७२ च्या चैत्रात लष्कराकडून आले ते असे: एक ट्रंक, एक घड्याळ, डबीत दोन पदके. रोहा स्टँडपासून निडीपर्यंत बैलगाडीचे भाडे तीन रुपये. ते मी दिले. गाडीवान शिवा हयात आहे, विचारावे. म्हणून या वस्तू माझ्या.

मी, श्रीमती सरू विठू खरिवले, वय सेहेचाळीस, शिक्षण मॅट्रिक, श्रावणात तापाने अंथरूण धरले होते. आता शुद्धीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहिते.

१. यजमान इंजिनियर पलटणीत नाईक होते. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंग काढून त्यांनी इतरांना वाट मोकळी केली आणि शेवटच्या सुरुंगाने ते गेले. मोठे पदक त्या शौर्याचे, लहान लढाईवर असल्याचे.

२. दीर पुंडलिक यांनी पदके काचेच्या चौकटीत घालून देव्हाऱ्यात बसवली. मी पेणजवळ हमरापूरला, धाकटी बहीण मालूकडे राहायला निघाले की म्हणतात, "वयनी, देव्हाऱ्यात बसवलंय त्याची रोजची पूजा कोन करील?" पूजा चुकवून माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. बारा वर्षे मी नागोठण्यापलीकडे गेले नाही. मालूच्या मुलीच्या लग्नालाही नाही. सव्वीस जानेवारीचे हार मात्र भावोजी घालून घेतात.

३. परवा घरच्या गणपतीची उत्तरपूजा झाली. उत्तरपूजेनंतर मूर्ती हलवली की उरते ती माती, हे मूर्ती रंगवणाऱ्या मालूला सांगायला नको. मीही पदकांवर अक्षता टाकल्या, क्षमा मागितली आणि ती बोटभर उत्तरेला सरकवली. आता तो नुसता धातू आहे. देवाला फसवले नाही, रीतसर निरोप दिला.

४. माझ्यापश्चात पदके, घड्याळ व पोस्टातली शिल्लक मालूची. पदके रंगाच्या डब्यांजवळ ठेवावीत, देव्हाऱ्यात कदापि नको. चौकट भावोजींची, ती परत द्यावी. आत लावायला त्यांचे हारातले फोटो पुष्कळ आहेत.

५. साक्षीदार आवडी वाघमारे हिने अंगठा उठवण्याआधी सगळे माझ्याकडून वाचून घेतले आणि ती म्हणाली, "मरून पेनला जानार व्हय गो बाय? जिती हायस तवर जा की!" साक्षीदाराचे म्हणणे म्हणून नोंदवले.

साक्षीदार: केरू नाथा शिर्के (सही)
आवडी चंदर वाघमारे (डावा अंगठा)

सरू विठू खरिवले
मु. निडी, ता. रोहा
११ सप्टेंबर १९८४

ता. क. मालू, ही नक्कल तुला. पदके तुझीच. पण ती पोचवायला मीच आले, तर मूर्तींच्या फळ्यांखाली एक अंथरूण मावेल का? भावोजींना चौकट रिकामी दिसायच्या आत, उलट टपाली कळव.