फळ धरू द्यायचं नाही

जव्हार,
२८ जानेवारी २०२४

ती. प्रेमाताईस,
देवानंदचा सा. न. वि. वि.

नवसूदादाच्या जीपमधून तुझं पत्र आणि नागलीचे पापड पोचले. फक्त तीन मोडले होते. आपल्या पाड्यावर फोनला रेंज येईपर्यंत नवसूदादा हेच आपलं टपाल. मी बरा आहे. शिरपामाळ बघायला येणारे लोक जाताना आमच्या नर्सरीतून एकदोन कुंड्या नेतात, म्हणून काम भरपूर आहे.

बाबांनी घरकुलापुढे लावायला लिंबाचं झाड मागितलंय असं तू लिहिलंस. मी चार दिवस विचार केला. माझ्या मते लिंबू नको, जेड लावावं. जेड म्हणजे जाड, गोल, चकचकीत पानांचं शोभेचं रोप. ते पानात पाणी साठवतं, म्हणून आठ दिवस पाणी नाही घातलं तरी सुकत नाही. तुझे रोजचे हंडे वाचतील. काटे नाहीत. पावसात कुंडी पत्र्याखाली ओढायची, नाहीतर मूळ कुजतं, एवढंच सांभाळायचं. आणल्या दिवसापासून ते भरलेलं दिसतं. लिंबाचं सगळं उलट. ते जूनमध्ये लावायचं असतं, आत्ता लावलं तर रोज पाणी. शेळ्या ओरबाडतात, अळी पडते. शिवाय कलम लावलं तरी फळाला तीन वर्षं थांबावं लागतं. बाबांना नीट समजावून सांग.

पहाटे त्यांचा खोकला वाढतो का, ते आठवणीने लिही. माझ्यावर आहे तशी माया राहू दे.

तुझा भाऊ,
देवानंद

खोडाळा,
४ फेब्रुवारी २०२४

चि. देवानंद यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीसारखं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारची फागीकाकीही येऊन बसली होती. जेडचं ऐकून तिने विचारलं की त्याची भाजी होते का. नाही म्हटलं, तर मग शेळी तरी खाते का. तेही नाही म्हटल्यावर म्हणाली की देवानंद जव्हारला राहून साहेब झाला, बिनकामाचं झाड बरोबर हुडकून काढलं. आम्ही खूप हसलो. बाबाही हसले आणि मग त्यांना उबळ आली.

पण तीन वर्षांचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं. तेवढंच मला परत वाचायला लावलं. मग म्हणाले की पोरगा असं का लिहितो, तीन वर्षं म्हणजे काय फार झाली का. देवानंद, तू बाबांचे दिवस मोजतोस का? दिवाळीनंतर दवाखान्यात तूच त्यांना नेलंस. येऊन एवढंच सांगितलंस की छातीत कोळशाची धूळ बसलीय, औषधाने उतरेल.

लिंबू का हवं तेही त्यांनी सांगितलं. सगळा जन्म कोळशाच्या भट्टीवर गेला. ज्याच्या रानात भट्टी, त्याच्याच रानात झोपडी. एका मालकाच्या डोंगरावर त्यांनी आंब्याची चारशे कलमं लावली. ती धरली तेव्हा बघायला गेले, तर राखणदाराने बांधावरूनच हाकललं. आता घरापुढची दहा पावलं जागा आपली आहे. तिथे आपलं एक झाड असावं, दारात आलेल्याला आपल्या हाताने लिंबू तोडून द्यावं, एवढंच त्यांना वाटतं. नुसती शोभा त्यांना नको आहे.

रागावून लिहिलं असेन तर मनात ठेवू नकोस. पण खरं लिही.

तुझी ताई,
प्रेमा

जव्हार,
९ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हा कागद बाबांना वाचून दाखवू नकोस. त्यांच्यासाठी आत वेगळा घातला आहे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पावसाळा दिसेल असं धरून चालू नका. तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडाकडे बघून बाबांना कळलं असतं, म्हणून सांगितलं नाही. मी चुकलो. जेडचा हट्ट त्यासाठीच होता. आणलं की त्याच दिवशी पुरं झाड, कशाची वाट बघायला नको.

आता मी दुसरं ठरवलंय. नर्सरीत मोठ्या पिशवीत कागदी लिंबाचं एक कलम आहे. त्यावर आत्ताच सहा लिंबं धरलीत, सुपारीएवढी. चैत्र संपेपर्यंत ती तोडायला येतील. बाबा आपल्या हाताने तोडतील आणि ज्याला द्यायचं त्याला देतील. मी रविवारी पंचवीस तारखेला येतो. मंगेशदाजींना दीड हात खोल खड्डा खणून ठेवायला सांग, आणि जुनं शेणखत बघून ठेव. ताजं नको, मुळं जळतात.

तुझा,
देवानंद

खोडाळा,
२९ फेब्रुवारी २०२४

चि. देवानंद यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू काय केलंस ते मला अजून समजत नाही. सहा लिंबं सांभाळत, पिशवी मांडीवर घेऊन जीपमधून आलास. बाबांनी एकेकाला बोट लावून बघितलं. तू कलम खड्ड्यात ठेवलंस, माती दाबलीस, पाणी घातलंस आणि बोलता बोलता सगळी लिंबं खुडून टाकलीस. ह्यांनी विचारलं तेव्हा पुटपुटलास की पहिली तीन वर्षं फळ धरू द्यायचं नाही, नाहीतर झाड अंगाने वाढत नाही. आणि चहाही न घेता निघून गेलास.

तू गेल्यावर बाबांकडे बघायचा मला धीर होईना. पण बाबा हसत होते रे. तेव्हापासून जो येईल त्याला सांगतात की डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काहीही सांगितलं असो, माझा पोरगा झाडांमध्ये काम करतो, त्याला जगण्यामरण्यातलं कळतं. बाप जाणार असं त्याला वाटलं असतं, तर त्याने फळं ठेवली असती. त्याने खुडली, म्हणजे माझी तीन वर्षं त्याने धरलीत. कालपासून अर्धी भाकरी जास्त खातात. खाटेवरून उठून, दोनदा टेकत, तांब्याने झाडाला पाणी घालतात. मला घालू देत नाहीत.

तू हे मुद्दाम केलंस का?

वाट बघणारी,
ताई

जव्हार,
४ मार्च २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुद्दाम नाही केलं. हाताची सवय. कलम जमिनीत गेलं की फुलं-फळं काढायची, हे काम मी पाच वर्षं रोज करतोय. भानावर आलो तेव्हा पाचवं लिंबू खाली पडलं होतं. सहावं तरी का काढलं ते मला सांगता येत नाही.

बाबांना खरं कळू देऊ नकोस. ते समजतात तसंच राहू दे. पण कोणाजवळ तरी खरं बोलायला हवं होतं, म्हणून तुला लिहिलं.

तुझा,
देवानंद

खोडाळा,
१८ ऑगस्ट २०२४

चि. देवानंद यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांना जाऊन पावणेतीन महिने होतील. दिवसकार्य करून तू गेलास, त्यानंतर आज लिहायला बसले. शेवटच्या आठवड्यात उठवत नव्हतं, तरी तांब्या भरून खाटेजवळ ठेवायला लावायचे आणि मी झाडाला घालताना बघायचे.

झाड जगलं. माझ्या कमरेएवढं झालंय. आणि ह्या पावसात त्याला फुलं आलीत, पांढरी, पुष्कळ. दारातून आत वास येतो. फागीकाकी म्हणते की बाबांच्या नावाने ही ठेवावीत, पहिलं लिंबू त्यांच्या नैवेद्याला होईल. ह्यांचंही तेच म्हणणं. माझा हात जात नाही. ठेवू का काढू? तू सांगशील तसं करीन.

तुझी ताई,
प्रेमा

जव्हार,
२३ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. फुलं ठेव असं दोनदा लिहिलं आणि तो कागद फाडला.

ताई, फुलं काढ. त्या दिवशी मी जे केलं त्यात माझं मन नव्हतं. बाबांनी मात्र ते मनापासून केलेलं मानलं आणि त्यावर तीन महिने काढले. आता आपण फळ ठेवलं, तर त्यांच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. मी त्यांना तीन वर्षं दिलीत, ती पुरी होऊ देत. पुढची दोन वर्षं आली तरी काढायची. त्यानंतरची लिंबं जो दारात येईल त्याला दे.

मी येऊन काढू शकतो, पण माझा हात न विचारताच काढील. तू काढ. एकदम ओरबाडू नकोस, देठ धरून एकेक खुड. फागीकाकी रागावली तर माझं नाव सांग.

पाऊस जास्त झाला तर आळ्यात पाणी साचू देऊ नकोस. सगळ्यांना माझा नमस्कार. आता आपण दोघंच आहोत, तेव्हा पत्र खंडू देऊ नकोस.

तुझा भाऊ,
देवानंद