ड्रॅगनचा आवाज

दादा,

तुला स्मशानात पोचवून आल्यापासून मी रडलेले नाही. मावशी म्हणते, पोरगी दगड झाली. तुझे कवट्यांचे काळे टी-शर्ट आईने फरशी पुसायला काढले, तेव्हाही नाही.

ड्रॅगनच्या सिनेमांचं वेड माझं, हेवी मेटलचं तुझं. लढाई सुरू झाली की तू टीव्हीचा आवाज बंद करून तुझी गाणी लावायचास. बाबा ओरडायचे, ‘घर आहे की कारखाना?’

काल आपला लाडका सिनेमा एकटीने, आवाजासकट पाहिला. लढाई सुरू झाली, तर ड्रॅगन अगदीच मांजर निघाला रे. हे सांगायला सवयीने तुला फोन लावला. आईने चार्ज करून ठेवलेला तुझा फोन स्वयंपाकघरात वाजला. रिंगटोन तीच, कान फाडणारी. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि लढाई संपेपर्यंत रिंग देत राहिले.

बाबा ओरडले नाहीत.

तुझी,
चिमणी