हिरव्या पाकिटाची मुदत

तीर्थरूप मामांच्या चरणी सिंचूहून शू-फेनचा साष्टांग नमस्कार.

मामीचे गुडघे, दुकानातलं मांजर आणि तुमचा खोकला या तिघांनीही आता तरी तुमचं ऐकावं, अशी इच्छा आहे. माझा मात्र जीव टांगणीला लागलाय. अठरा तारखेला डॉक्टरेटची तोंडी परीक्षा, आणि आमचे थू सर प्रबंधावर सही करायला तयार नाहीत!

झालं असं, की मी बिस्मथ आणि टेल्युरियमची काडेपेटीतल्या काडीएवढी कांडी घडवली. एक टोक तापवलं की ती वीज देते. (मामी विचारेल, दिवा लागतो का? नाही लागत.) तापल्यावर ती केसाच्या कितव्या हिश्शाने वाढते हे मोजायला भट्टीत तिच्या टोकाला एक दांडी टेकवतात. तापलं की वाढायचं, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण गेल्या सोमवारी माझी कांडी एकशे ऐंशी अंशांवर खाडकन आखडली! सर खुर्चीवर चढून नाचले. "पोरी, असं जगात कुणी पाहिलं नसेल!" त्यांनी जपानच्या परिषदेला कळवूनसुद्धा टाकलं. मग म्हणाले, पुन्हा एकदा करून दाखव, की केलीच सही.

मामा, तेव्हापासून नऊ वेळा तापवली. मेली नऊही वेळा वाढली!

शेवटी आमच्या प्रयोगशाळेतल्या को दादाच्या लक्षात आलं (भौतिकशास्त्रातल्या दोन पदव्या आहेत त्याच्याकडे). यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तुमच्या दुकानातलं मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट आम्ही भट्टीवर ठेवतो ना, त्याची मुदत मंगळवारीच संपली होती. सरांनी कपाळावर हात मारला. "तरीच म्हटलं! अगं, शिळ्या खाऊवर यंत्र का म्हणून राबेल? तू राबशील?" पाकीट मात्र कुणी उचललं नाही, यंत्राच्या खाऊला हात लावायची इथे कुणाची छाती नाही. मग मी सगळ्यांदेखत भट्टीला वाकून क्षमा मागितली. दोनदा, कारण पहिल्यांदा मी मनापासून वाकले असं सरांना वाटलं नाही.

तेव्हा ताजं पाकीट धाडा. हिरवंच हवं, मागे पिवळं ठेवलं तर भट्टीच्या पंपाने आठवडाभर धोक्याचा पिवळा दिवा लावून ठेवला होता. मुदत अठराच्या पुढची बघून घ्या.

तुमची भाची,
शू-फेन

ता. क. आईला यातलं काही कळवू नका. ती उगाच देवळात जाऊन बसेल.

आणखी एक ता. क. मामा, तुमच्याशी काय खोटं बोलायचं? त्या सोमवारी मला सडकून भूक लागली होती. मीच पाकीट मागच्या बाजूने फोडलं, चार दाणे खाल्ले, चिकटपट्टी लावून ठेवलं आणि त्याच हातांनी कांडी भट्टीत बसवली. नंतर भट्टी पुसताना दांडीच्या टोकाला मक्याचा जळका चुरा सापडला. आखडला तो, कांडी नव्हे. सर आपल्या म्हाताऱ्या आईला रोज फोन करून माझं कौतुक सांगतात हो, आता कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून पाकिटं दोन धाडा. एक यंत्रावर ठेवायला, एक यंत्रात घालायला.