अकरा गाठी

शिराज,
मेहर महिन्याचा शेवटचा आठवडा

प्रिय हूशंग,

संग्रहालयाला देतोयस त्या वस्तूंची तुझी कार्डं फोनवर पोचली. चौतीसच्या चौतीस वाचली, चष्मा पुसून पुसून वाचली. संग्रहालयवाल्यांना सांग, अक्षर जरा मोठं छापा, तिथे येणारे सगळे आपल्याच वयाचे असणार. तू म्हणालास चुका काढ, म्हणून काढतो. सात नंबरची पिशवी तू मिठाची म्हणून लिहिली आहेस. ती मिठाची नाही. मिठाच्या पिशवीची मान अरुंद असते, मेंढीला तोंड घालता येऊ नये म्हणून. हिच्यात आख्खी मेंढी मावेल. एकोणीस नंबरचा पट्टा उंटाचा नाही, तंबूचा आहे. सव्वीस नंबरचा लाल रंग मंजिष्ठेचा नाही, बाजारच्या पुडीचा आहे, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं आणि तू दोन महिने माझ्याशी बोलला नव्हतास. बाकी ठीक आहे. पहिल्या नंबरच्या कार्डाबद्दल पुढे लिहितो.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. चाळीस वर्षं दवाखान्यात लोकांच्या तोंडात बोटं घालून बोलायची तुला सवय झाली आहे; समोरच्याला उत्तर देता येत नाही हे तुझ्या लक्षातच येत नाही. म्हणून पत्र. शांतपणे बसून वाच, आणि वाचल्यावर लगेच फोन करू नकोस.

इकडची बातमी म्हणशील तर गुडघे तसेच आहेत. गाळा मी उन्हाळ्यातच बंद केला. गालिच्यांच्या रफूचं काम आता डोळ्यांना झेपत नाही, सुईत दोरा ओवायला सूनबाई लागते. गेल्या शुक्रवारी फिरोजाबादला थोरल्या बहिणीकडे जाऊन आलो. गुलंदामबद्दल मी तुझ्याशी फार कधी बोललो नाही. का नाही बोललो, तेही पुढे येईल. त्र्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते, कोंबड्या पाळते, आणि मी गेलो की मी किती जाड झालोय हे साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते.

तुला आपली पहिली भेट आठवते? तेराशे त्रेसष्ट साल, हिवाळा. तू व्यापारी हाजी सफदरकडून घेतलेला गालिचा खांद्यावर टाकून माझ्या गाळ्यात आलास. एका बाजूचा काठ उसवत होता. तू तो माझ्या मांडीवर पसरलास आणि म्हणालास, "उस्ताद, जपून हात लावा, तुमच्या पणजीच्याही आधीचा आहे." मी काठ पाहिला, दशा पाहिल्या, उलटा करून गाठी पाहिल्या. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. मी म्हणालो, "हो दाक्तर, जुना आहे." मग चहा मागवला, तू साखरेचा खडा दातांत धरून चहा प्यायलास, दातांचा डॉक्टर असून, आणि मला हसू आलं. आपली दोस्ती त्या दिवशी सुरू झाली.

तोच तुझा पहिला नंबर. लाल जमीन, मधोमध निळे चौकोन, खालच्या कोपऱ्यात पांढरी चौकट, तिच्याशेजारी लांब कानांचा प्राणी, आणि वर पांढऱ्या आकड्यांत साल: १२४६. साल तू मोठ्या हौसेने, आपलं रोजचं इराणी सौर पंचांग सोडून, जुन्या चांद्र पंचांगाने मोजलंस, त्यामुळे तो आणखी म्हातारा झाला. जवळजवळ दोनशे वर्षांचा. त्या पांढऱ्या चौकटीवर तू मासिकात मोठा लेख लिहिलास. ती मेलेल्याच्या आत्म्यासाठी उघडलेलं स्वर्गाचं दार, आणि तो लांब कानांचा प्राणी दाराचा राखणदार. लेख छापून आला तेव्हा तू मला वाचून दाखवलास. मी मूग गिळून बसलो. महरुखवहिनी तेव्हा होत्या. त्या चहाचं तबक ठेवता ठेवता म्हणाल्या, "मला तर ही शाळा वाटते बाई. वर झेंडासुद्धा आहे." तू हसलास. मी तुझ्याहून मोठ्याने हसलो. हूशंग, त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तुझ्या घरात त्या गालिच्याकडे नीट बघणारं एकच माणूस होतं, आणि मी तिला खोटं पाडलं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नाही. ती शाळाच आहे. आमच्या कश्काई भटक्यांच्या काळ्या तंबूंच्या वस्तीत सरकारी शाळेचा तंबू पांढरा असे, लांबून दिसायला. आणि तुझा तो स्वर्गाचा राखणदार म्हणजे मास्तरांचं गाढव. तेराशे पंचेचाळीस सालच्या हिवाळ्यात बापाने गुलंदामला शाळेत जाऊ दिलं. ती सोळा वर्षांची, वर्गात सगळ्यात मोठी, लहान पोरं तिला आजी म्हणून चिडवायची. वसंतात वस्ती डोंगराकडे निघेपर्यंत, एवढीच तिची शाळा. त्या तीन-चार महिन्यांत ती आकडे आणि अक्षरं शिकली, स्वतःचं नाव लिहायला शिकली. जमिनीवर खुंट्या ठोकून आईने तिला माग लावून दिला होता, लग्नात न्यायच्या गालिच्यासाठी. नक्षी कुठे कागदावर नव्हती, आमच्यात ती नसतेच, हात चालेल तशी येते. वस्ती हलली की माग गुंडाळून गाढवावर, पुढच्या मुक्कामी परत खुंट्या. म्हणून तो गालिचा वरच्या बाजूला जरा तिरका आहे, ज्याला तू 'प्राचीन मुक्त शैली' म्हणतोस. साल तिने सगळ्यात शेवटी विणलं. आधी काडीने मातीत लिहून बघायची, मग गाठी मारायची. १३४६. आमच्या घरात आकडा विणणारी ती पहिली बाई.

सतरा वर्षांनी तो गालिचा तिनेच मला दिला. नवऱ्याने मेंढ्या विकून फिरोजाबादला सिमेंटचं घर बांधलं होतं आणि मला शिराजच्या बाजारात गाळा घ्यायला पैसे हवे होते. म्हणाली, "घेऊन जा, चांगल्या घरी दे." मी हाजी सफदरकडे नेला. तंबूत वापरलेला, उन्हाने विटलेला, रंग सगळे झाडापाल्याचे. दिसायला म्हाताराच होता. हाजीने बोटाने साल दाखवलं आणि म्हणाला, एवढंच आडवं येतंय. मग माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "तुझा हात बारीक आहे, अयाज." एवढंच बोलला. आपल्या फारसी तीनच्या डोक्यावर तीन दाते असतात, दोनच्या दोन. एका दात्याच्या अकरा पांढऱ्या गाठी मी चिमट्याने उपसल्या आणि त्या जागी लाल भरल्या. दुसऱ्या एका गालिच्याच्या काठातून लाल काढला होता. अर्ध्या तासाचं काम, तीनचा दोन झाला. तुझ्यासारखाच एक दात काढला म्हण, फक्त मी भूल दिली नाही. मग सहा महिने गालिचा हाजीच्या गच्चीवर उन्हात पडला होता.

तू माझ्या गाळ्यात आलास तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा हाजीची भीती होती. पुढे हाजी वारला, तेव्हा तुझी भीती वाटू लागली. तू लोकांना सांगायचास, असं विणणारा हात आता जिवंत नाही. ते ऐकून मला बहिणीचा अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी तोंड कुठे लपवू असंही व्हायचं. वहिनी गेल्या त्या वर्षी, बागेत नारंगीच्या झाडाखाली आपण बसलो होतो, तेव्हा सांगायचं ठरवून आलो होतो. तू म्हणालास, आता घरात तो गालिचा आणि मी, दोघंच. मग मी दुसरंच काहीतरी बोललो.

आता शुक्रवारचं ऐक. गुलंदामला माझ्या नातवाचे फोटो बघायचे होते, म्हणून फोन तिच्या हातात दिला. अंगठा घसरला आणि तुझ्या कार्डांचे फोटो उघडले. पहिलाच तो गालिचा. ती फोन नाकाशी नेऊन म्हणाली, "हा माझा. हे बघ मास्तरांचं गाढव." खालचं तिला वाचता येतं. सावकाश, बोट ठेवून वाचलं: कश्काई गालिचा, साल १२४६, विणणारी अज्ञात. अज्ञातचा अर्थ तिने मला विचारला. मी सांगितला. मग तिने बोट वर सरकवलं आणि विचारलं, "माझा तीन कुणी मोडला?"

मी म्हणालो, कसर लागली असेल.

"कसर अशी मोजून खात नाही, अयाज," ती म्हणाली. "आणि खाल्लं तर जागा भरून देत नाही." एवढं बोलून उठली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात गेली. मी तिच्यामागे गेलो आणि सगळं सांगितलं. हाजी, चिमटा, अकरा गाठी, तू. ती दाणे टाकत होती. मला आकडे तिनेच शिकवले होते, हूशंग. मी शाळेत जायच्या आधी, त्याच मागाशेजारी, त्याच काडीने, मातीत. तीनला तीन दाते, विसरू नकोस, म्हणायची. शेवटी म्हणाली, "चाळीस वर्षं तुला झोप कशी लागली रे?" मी म्हणालो, लागत होती. ते खरं आहे, आणि ते सांगताना मला रडू आलं. तिने मला आत नेऊन बसवलं, ताकभात वाढला आणि शेवटी तिला काय हवं आहे ते सांगितलं.

ते मागण्यासाठीच हे पत्र आहे. गालिचा काचेत जायच्या आधी एकदा फिरोजाबादला घेऊन ये. माझ्या गाठी मी तिच्यासमोर काढायच्या आणि पांढऱ्या तिने मारायच्या. तिला अजून दिसतं, सुईत दोरासुद्धा ती स्वतः ओवते. आणि कार्ड बदल. विणणारी गुलंदाम, खुदाकरमची मुलगी, १३४६. संग्रहालयवाले मग तो नको म्हणतील, तुझ्या लेखावर लोक हसतील, हे मला कळतं. त्यांच्यासमोर उभा राहून दोष माझा आहे हे मी सांगेन. तू माझं तोंड पाहायचं नाही असं ठरवलंस तरी ते मला समजेल, पण तिला भेट. चौतीस वस्तू जमवल्यास, त्यातल्या एकीचीच विणणारी तुला चहा पाजू शकते. माझ्या शब्दावर आता तू विश्वास ठेवायचं कारण नाही, म्हणून पाकिटात लाल लोकरीचा तुकडा घातला आहे. गालिचा विणून उरलेला गुंडा तिने दुरुस्तीला लागेल म्हणून पेटीत फणीबरोबर ठेवला होता, त्यातला. गालिचा उलटा करून, जिथे ऊन लागलं नाही त्या बाजूला, तो जमिनीवर कुठेही लावून बघ, जुळेल. फक्त त्या दोनच्या शेजारच्या अकरा गाठींशी जुळणार नाही. त्या माझ्या आहेत.

तुझाच, तुला हवा असलो तर,
अयाज